आधी काउंटर, मग बाग: छोट्या वाइन बारमध्ये पहिल्यांदा जाताना

यादीतली निम्मी नावं उच्चारता येत नाहीत, ग्लास कुठे धरायचा ते ठाऊक नाही आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ग्लासात नाक खुपसून, डोळे मिटून बसलेत. वस्तीतल्या छोट्याशा वाइन बारमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला बिचकायला एवढं पुरतं. खरं तर नवख्या माणसाला याहून सोयीची जागा मिळणं अवघड. टेबलं मोजकी असतात, बाटल्या बहुधा मालकाने स्वतः चाखून निवडलेल्या असतात आणि एकेक ग्लास मागवता येतो, त्यामुळे न आवडलेली अख्खी बाटली गळ्यात पडत नाही. मागे बाग असेल तर उत्तमच. फक्त बागेचे स्वतःचे काही नखरे असतात, ते आधी समजून घ्यावेत.

माझा सल्ला थोडक्यात असा: पहिला ग्लास आत, काउंटरवर घ्या. दुसरा घेऊन बागेत जा. का, ते पुढे येईलच.

निघण्याआधी

आठवड्याच्या मधला दिवस निवडा आणि बार उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात पोहोचा. त्या वेळी ओतणाऱ्याला बोलायला सवड असते. शुक्रवार-शनिवारी रात्री हाच माणूस चार टेबलांकडे एकदम धावत असतो. त्याच्याकडून तुम्हाला फक्त ग्लास मिळेल, माहिती नाही.

बागेत बसायचं असेल तर फोन करून तीन गोष्टी विचारा. बागेतलं टेबल राखून ठेवता का? पाऊस आला तर आत जागा द्याल का? बाग किती वाजता बंद होते? तिसरा प्रश्न लोक विसरतात. वस्तीतल्या बारच्या बागेवर आसपासच्या घरांच्या खिडक्या उघडत असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी बागेची वेळ आतल्या वेळेच्या बरीच आधी संपते. नुकता भरलेला ग्लास हातात घेऊन आत जागा शोधत फिरणं काही मजेचं नाही.

पोटात काहीतरी टाकून जा. रिकाम्या पोटी मद्य लवकर रक्तात मिसळतं. अत्तर किंवा परफ्यूम त्या संध्याकाळपुरतं नको. त्यापुढे वाइनचा वास तुम्हालाही कळत नाही आणि शेजारच्यालाही नाही. डासांसाठी क्रीम लावायचं तर घरीच लावा, शक्यतो पायांना, आणि नंतर हात धुवा, कारण ग्लास त्याच हाताने नाकापाशी जाणार आहे. वयाचा दाखला जवळ ठेवा आणि परत कसं यायचं ते निघतानाच ठरवा. गाडी स्वतः चालवायची असेल तर वाइन नको. गरोदरपणात, किंवा दारूशी न जुळणारी औषधं चालू असतील तरीही नको. सोबत म्हणून गेलात तर बिनअल्कोहोलचं काही मागायला लाजू नका, कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

पहिला ग्लास काउंटरवर का

वाइनची चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं बरंचसं काम नाक करतं. जिभेला गोड, आंबट, कडू अशा मोजक्या चवी कळतात. फळ, फूल, मसाला, लाकूड या सगळ्या बातम्या नाकाकडून येतात. काही वास घेताना थेट, काही घोट घेतल्यावर घशाच्या मागून वर. बागेत वारा असतो, ओली माती असते, शेगडीचा धूर असतो, कुणाची सिगारेट असते. पहिल्यांदाच चव ओळखायला शिकत असाल तर या गर्दीत नाकाची परीक्षा कशाला घ्यायची? आत हवा स्थिर असते, उजेड असतो, बाटल्या समोर दिसतात आणि ओतणारा हाताच्या अंतरावर असतो.

शिवाय काउंटरवर बसलं की संवाद आपोआप सुरू होतो. टेबलावर बसलेल्याला मेन्यू मिळतो, काउंटरवर बसलेल्याला बहुतेक वेळा ‘हे जरा चाखून बघा’ म्हणत एखादा घोटही मिळतो.

यादी वाचताना

यादी साधारणपणे स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड किंवा फोर्टिफाइड (वरून स्पिरिट घातलेली) अशी लावलेली असते. त्यात हलकीपासून जड असा क्रम ठेवायची अनेक ठिकाणी पद्धत आहे, म्हणजे वरच्या ओळीतली वाइन खालच्या ओळीतल्यापेक्षा हलकी. आधी ‘ग्लासवर मिळणाऱ्या’ वाइनचा छोटा भाग शोधा. पहिल्या भेटीत उरलेली यादी वाचली नाही तरी काही बिघडत नाही.

नावांचा गोंधळ एका कारणाने होतो. काही वाइन द्राक्षाच्या जातीवरून ओळखल्या जातात, काही गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने. युरोपातल्या जुन्या प्रदेशांत बहुधा दुसरी पद्धत चालते. त्यामुळे एखाद्याला शार्डोने आवडते, पण यादीत ‘शाब्ली’ दिसल्यावर तो पुढे सरकतो, आणि शाब्ली तर शार्डोनेपासूनच बनते. पांढरी सांसेर म्हणजे सॉव्हिन्यों ब्लां. बारोलो म्हणजे नेबिओलो. किआंतीत मुख्यतः सांजोव्हेजे असते आणि लाल रिओहात बहुधा टेम्प्रानिलोचा वाटा मोठा. एवढ्या पाच जोड्या लक्षात ठेवल्यात तरी बरीच यादी ओळखीची वाटू लागेल.

‘ऑरेंज’ नावाचा विभाग दिसला तर त्यात संत्री नसतात. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवली की वाइनला तो तांबूस-केशरी रंग आणि थोडा तुरटपणा येतो. जॉर्जिया या देशात मातीच्या मोठ्या रांजणांत, क्वेव्हरीत, अशी वाइन फार पूर्वीपासून बनते. ती पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. रोझेची गोष्ट वेगळी. तिथे काळ्या द्राक्षांच्या साली रसात थोडेच तास ठेवतात, म्हणून रंग गुलाबीवर थांबतो. रोझे म्हणजे गोडच असणार हा समज सोडून द्या. बारमधल्या बहुतेक रोझे कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, असतात.

यादीत अल्कोहोलचं प्रमाण दिलं असेल तर तेही बघा. बहुतेक वाइन ११ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असतात. जर्मनीतल्या मोझेलच्या काही गोडसर रीसलिंग ८-९ टक्क्यांवरच थांबतात, तर शेरी आणि पोर्ट यांत वरून स्पिरिट घातलेलं असल्याने त्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातात. संध्याकाळ लांबणार असेल तर या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये.

मागायचं कसं

इथे बहुतेकजण अडतात, आणि इथेच सगळ्यात सोपा मार्ग आहे: वाइनची परिभाषा वापरायचा प्रयत्नच करू नका. तुम्हाला काय आवडतं ते साध्या भाषेत सांगा. ‘कॉफी बिनसाखरेची पितो, लिंबू आवडतं, कडू चालतं’ एवढ्यावरून जाणकार माणूस तीन बाटल्या पुढे ठेवू शकतो. ‘मागे एकदा लाल वाइन घेतली होती, तोंड कोरडं पडलं, आवडलं नाही’ हे वाक्य तर सोन्यासारखं आहे. तो कोरडेपणा टॅनिनचा. द्राक्षाच्या साली-बियांतून ते येतं आणि जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं हिरड्या आवळून धरतं. हे सांगितलंत की समोरचा तुम्हाला भरपूर टॅनिनची काबर्ने सॉव्हिन्यों न देता कमी टॅनिनची गामे किंवा पिनो न्वार ओतेल.

बजेटही सांगावं. मित्रांसमोर आकडा बोलायचा नसेल तर यादीतल्या किमतीवर बोट ठेवून ‘साधारण या पट्ट्यातली’ म्हणा. समोरच्याला ते बरोबर कळतं. ‘तुम्हीच ठरवा’ असं मोघम सोडून दिलं तर बिल पाहून दचकण्याचा हक्क गमावता.

आणखी एक प्रश्न विचाराच, विशेषतः ग्लासवर घेताना: ही बाटली कधी उघडली? उघडलेली वाइन हवेमुळे उतरत जाते. पांढरी आणि लाल थंड जागी, बूच लावून ठेवली तर तीनेक दिवस बरी राहते. स्पार्कलिंगचे बुडबुडे त्याआधीच मरगळतात. चांगल्या बारमध्ये या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तारीख बाटलीवर खडूने लिहिलेली असते. काही ठिकाणी कोराविन नावाचं उपकरण दिसेल. २०१३ मध्ये बाजारात आलेलं हे यंत्र बुचातून बारीक सुई घालून वाइन काढतं आणि तिच्या जागी आर्गॉन वायू भरतं, त्यामुळे बाटली न उघडताच ग्लास मिळतो. महागड्या वाइन ग्लासवर मिळू लागल्या त्यात या सुईचा वाटा आहे.

ठरतच नसेल तर फ्लाइट मागा. तीन वाइन, प्रत्येकी थोडी थोडी, शेजारी शेजारी. एकटी वाइन प्यायल्यावर ‘छान आहे’ यापलीकडे काही सुचत नाही. दोन शेजारी ठेवल्या की ‘ही जास्त आंबट, ती जास्त भारी’ हे नवख्यालाही चटकन कळतं. शिकण्यासाठी याहून चांगला खर्च मला माहीत नाही.

तो पहिला छोटा घोट

बाटली घेतलीत तर ओतणारा आधी थोडीशी वाइन ग्लासात घालून तुमच्याकडे बघत थांबेल. नवखे इथे भांबावतात. तो तुम्हाला ‘आवडली का’ असं विचारत नाहीये. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. ग्लास हलकेच फिरवा, वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आला तर बुचातला टीसीए नावाचा रेणू वाइनमध्ये उतरला आहे. काही वेळा तो इतका सौम्य असतो की कुबट वास येत नाही, फक्त फळाचा वास नाहीसा झालेला असतो. व्हिनेगरचा झणका किंवा कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास असेल तर हवेने काम केलेलं आहे. शंका आली तर ‘जरा तुम्ही बघता का?’ म्हणा. खराब निघाली तर बाटली बदलून देतात.

बूच नाकाला लावून हुंगायची गरज नाही. फिरकीचं झाकण असेल तर बुचाचा दोष बहुधा संभवत नाही, बाकीचे दोष संभवतात.

मग चव. ग्लास दांड्याला धरा, म्हणजे तळव्याची ऊब वाइनपर्यंत जात नाही. फिरवताना ग्लासचा तळ टेबलावरच ठेवून गोल फिरवलात तर शर्टावर सांडत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरलेला असतो, यात कंजूषपणा नाही. वर वास साठायला जागा हवी. घोट घेतल्यावर लगेच गिळू नका, तोंडभर फिरू द्या. स्वतःला तीनच प्रश्न विचारा: लाळ सुटली का, हिरड्या आवळल्या का, गिळल्यावर चव किती वेळ राहिली? लाळ म्हणजे आंबटपणा, आवळणं म्हणजे टॅनिन आणि रेंगाळणारी चव हे बहुधा चांगल्या वाइनचं लक्षण. चेरी, चामडं, ओला दगड असली वर्णनं शेजारच्याला करू द्या.

आता बागेत

वाइन घेऊन झाडाखाली बसण्याची हौस जुनी आहे. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादनातली वाइन स्वतःच्या घरी विकायची मुभा दिली, आणि त्यातून व्हिएन्नाच्या आसपासच्या ‘हॉयरिगर’ नावाच्या घरगुती वाइनच्या खानावळी फोफावल्या. अंगणात लांब बाकं, यंदाची ताजी वाइन आणि दारावर टांगलेली हिरवी डहाळी. डहाळी दिसली म्हणजे आज उघडं आहे. तिथे वाइनही साधीच असते, आणि तेच बागेला शोभतं. बागेत बसून वाइनचे बारकावे शोधायचे नसतात. म्हणूनच घुमवून घुमवून प्यायची महागडी, जुनी लाल वाइन बाहेर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. बाहेर न्यावी ती ताजीतवानी, आंबटसर, थंड: सॉव्हिन्यों ब्लां, रीसलिंग, रोझे, स्पार्कलिंग. लालच हवी असेल तर गामेसारखी हलकी घ्या आणि थोडी गार करून मागा.

उष्णतेचा हिशेब मात्र नीट करा. स्पार्कलिंग साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअस, पांढरी आणि रोझे ८ ते १२, हलकी लाल १२ ते १४, जड लाल १६ ते १८ अंशांना बरी लागते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला जुन्या, गारठलेल्या दगडी घरांच्या काळातला आहे. उकाड्याच्या संध्याकाळी तीच वाइन टेबलावर पडून राहिली की तिच्यातलं अल्कोहोल नाकात जातं आणि फळ हरवतं. म्हणून बागेत लहान ग्लास घ्या, बाटली असेल तर बकेट मागा. बकेटमध्ये नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं हवं. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, बर्फाचे खडे फक्त जागोजागी टेकतात. मूठभर मीठ घातलं तर आणखी लवकर गार होते.

टेबल निवडताना सावली बघा, आणि सूर्य सरकतो हे लक्षात ठेवून अर्ध्या तासानंतर सावली कुठे असेल तेही बघा. रंगहीन काचेच्या बाटलीतल्या वाइनला ऊन विशेष बाधतं. प्रकाशामुळे तिच्यातले गंधकयुक्त घटक असे बदलतात की शिजवलेल्या कोबीचा वास येऊ लागतो. वारा, धूर आणि सिट्रोनेलाची मेणबत्ती यांच्या उलट्या बाजूला बसा. ती मेणबत्ती डास घालवते की नाही कोण जाणे, वाइनचा वास नक्की घालवते.

चिलटं येणारच. आंबवलेल्या फळाचा वास त्यांना दुरून कळतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की मादी फळमाशी सोडते त्या गंधद्रव्याचा अवघा १ नॅनोग्रॅम ग्लासात पडला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. तेव्हा माशी काढून टाकली तरी वाइन विचित्र लागली तर तो तुमचा भ्रम नाही. ग्लासवर कोस्टर किंवा कागदी रुमाल झाकून ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय.

सोबत काय खावं

फार डोकं लावू नका. खारट आणि तळलेल्या पदार्थांबरोबर स्पार्कलिंग, आंबट पदार्थाबरोबर त्याहून आंबट वाइन, मांस आणि चरबीबरोबर टॅनिनवाली लाल. तिखट खाणार असाल तर जड लाल टाळा. जास्त अल्कोहोल तिखटाची आग भडकवतं, किंचित गोडसर आणि हलकी पांढरी ती शांत करते. चीजबरोबर लालच, हा समज बारमध्ये सहज तपासता येतो: एकाच चीजबरोबर एक पांढरी आणि एक लाल घेऊन बघा. मऊ चीजबरोबर पांढरी बहुधा जिंकते.

किती, आणि बिल

बाटली ७५० मिलीलिटरची असते. १५० मिलीचा ग्लास धरला तर त्यात पाच ग्लास निघतात, १२५ चा धरला तर सहा. बार अनेकदा असा हिशेब ठेवतात की पहिल्या ग्लासातच बाटलीची खरेदी किंमत वसूल व्हावी, त्यामुळे दोघांना एकच वाइन तीन-चार ग्लास हवी असेल तर बाटली स्वस्त पडते. पण पहिल्या भेटीत वेगवेगळं चाखणं जास्त मोलाचं. उरलेली बाटली घरी नेता येते का, हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. बाटली उघडण्याआधीच विचारा.

१३ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते शरीरातून जायला दीड ते दोन तास लागतात. कॉफीने किंवा मोकळ्या हवेने हे घड्याळ पुढे सरकत नाही. बागेत तर गप्पांच्या नादात ग्लास कधी रिकामा झाला ते कळतही नाही. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. दोन ग्लासांवर थांबलात तर संध्याकाळ काही अपुरी राहत नाही.

बिल मागताना त्यात सेवाशुल्क धरलं आहे का ते बघा, आणि नसेल तर तिथल्या रिवाजाप्रमाणे टीप द्या. आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि खाली दोन शब्द लिहून ठेवा, ‘आंबट, आवडली’ एवढेही चालतील. पुढच्या वेळी तोच फोटो काउंटरवर दाखवून ‘याच्या जवळचं काहीतरी, पण वेगळं’ असं मागा. आणि बागेतून निघताना, विशेषतः फाटकापाशी, आवाज खाली ठेवा. वरच्या मजल्यावर कुणीतरी झोपलेलं असतं, आणि तक्रारी वाढल्या तर आधी बागच बंद होते.